उघड्या हवेत चोवीस

सर्जेरावांचा फोन सकाळी अकराच्या सुमारास आला. तो कौतुकाचा होता, म्हणून मी आधी गाफील राहिले. एरवी हा माणूस फक्त तक्रार करायला फोन करतो.

सर्जेराव लोणी काळभोरचे. मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करायच्या ज्या टाक्या असतात, त्या रिकाम्या करून आतले पाईप दुरुस्त करायची कामं ते घेतात. त्यांची माणसं टाकीत उतरतात आणि उतरताना छातीला आमचं मीटर लावतात. टाकीतल्या हवेत ऑक्सिजन किती, एवढंच ते मीटर सांगतं. साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की ते बोंब मारतं आणि माणसाने वर यायचं. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गाळ्यात मी आणि अय्युबभाई ही मीटरं बनवतो. जोडणी त्यांची, आतला प्रोग्रॅम माझा. भांडायचं कामही माझंच, कारण अय्युबभाई कोणाशी आवाज चढवून बोलत नाहीत.

"म्याडम, ह्या बारीला मीटर लई भारी बनिवलंय तुमी," सर्जेराव म्हणाले. "आकडा अजिबात नाचत न्हाई. अन जुनं मीटर कवा एकवीसच्या वर गेलं न्हाई. ह्ये बगा, टाकीच्या बाहीर उघड्यावर उभा हाय अन चोवीसला टेकलंय. केशवनगरची हवा एकदम झकास. म्हटलं, आज ब्लोअर बी लावत न्हाई. सोसायटीवाले आवाजानं वरडत्यात."

ब्लोअर म्हणजे टाकीत ताजी हवा ढकलणारा पंखा. मी खुर्चीतून उठले. उठून काय करायचं होतं ते माहीत नव्हतं, पण बसवेना.

उघड्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्क्यांच्या किंचित खाली असतो. सिंहगडावर जा नाहीतर स्वारगेटच्या चौकात उभे राहा, आकडा तोच. चोवीस कधीच नसतो. सर्जेरावांना वाटत होतं, जास्त म्हणजे चांगलं. मला कळत होतं की मीटर खोटं बोलतंय, आणि ज्या बाजूने बोलायला नको नेमकं त्याच बाजूने.

"सर्जेराव, मीटरमध्ये सेल कुठले घातलेत?"

"टॉर्चमधलेच की. टॉर्चला नवं लागत्यात, उजेड पडाया पायजे. तितं दमलं की मीटरमधी घालतो. मीटरला कुटं उजेड पाडायचाय? आमी समदी असंच करतो." मागे कोणीतरी काहीतरी विचारलं. "हां, उतर उतर. म्याडम, साईनाथ उतरतुय. ठिवतो आता, फोन बादलीत टाकायचाय. तुमचाच नियम."

"थांबा, त्याला उतरू देऊ नका! सर्जेराव!"

फोन बंद झाला होता.

नियम खरंच माझा होता. टाकीत पेट घेणारा वायूही साठतो, म्हणून टाकीच्या तोंडाशी चालू फोन नको, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावलं म्हणजे चांगलं फैलावर घेतलं होतं. सर्जेरावांनी तो नियम असा पाळला की देवाचाही कोणी पाळत नसेल. सगळ्यांचे फोन बंद करून झाकणाच्या बादलीत, आणि बादली वीस पावलं लांब. मी चार वेळा फोन लावला. चारही वेळा त्या बाईने शांतपणे सांगितलं की हा नंबर सध्या बंद आहे.

"काय झालं ताई?" अय्युबभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

मी भिंतीवरचं घड्याळ काढलं, त्यातला मरत आलेला सेल काढला, ड्रॉवरमध्ये तसलेच आणखी दोन सापडले, आणि टेबलावर आमच्याकडे राहिलेल्या नमुन्याच्या मीटरमध्ये ते तीन घातले. मीटर सुरू झालं. आमच्या गाळ्यात, उघड्या खिडकीशेजारी, ते आकडा दाखवू लागलं. बावीस. तेवीस. चोवीस पूर्णांक एक. आणि तिथे जे थांबलं ते हललंच नाही. बॅटरीची खूण वर अर्धी भरलेली.

खात्री करून घ्यायला मी ही दोन मिनिटं घालवली. ती मला अजून सलतात.

ते मीटर असं का वागलं, हे सांगायला एक वाक्य पुरतं आणि ते वाक्य मला स्वतःला सांगायला जमत नव्हतं. मीटरमधली चिप सेन्सरचं व्होल्टेज दुसऱ्या एका पक्क्या व्होल्टेजशी ताडून बघते आणि त्यावरून आकडा काढते. ते पक्कं व्होल्टेज म्हणजे तिची फूटपट्टी. जुन्या मीटरांत त्यासाठी तीन पायांचा एक बारका सुटा भाग होता. सेल नवे असोत नाहीतर दमलेले, तो जागचा हलत नसे. नव्या सहा मीटरांच्या वेळी तो बाजारात मिळेना. मी म्हटलं, वगळा त्याला. चिपला जो सप्लाय येतो त्यालाच फूटपट्टी धरू, नाहीतरी रेग्युलेटर तो एका पातळीला बांधून ठेवतोच.

अय्युबभाईंनी तेव्हा विचारलं होतं, "आणि सेल उतरले की ताई?"

"रेग्युलेटर मग कशासाठी असतो अय्युबभाई? शोभेला?" मी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत.

सेल फारच उतरले की रेग्युलेटरच्या हातातही काही राहत नाही, सप्लाय खाली येतो. मी नव्या सेलवर तपासलं, टेबलावरच्या पक्क्या सप्लायवर तपासलं. टॉर्चमधून निवृत्त झालेल्या सेलवर तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. बॅटरीची खूणसुद्धा त्याच फूटपट्टीने मोजलेली, त्यामुळे तीही खोटी. मोठ्या कंपन्यांच्या मीटरला आकडा फार वर गेला तरी घंटा असते. मी ती ठेवली नव्हती. टाकीत जास्तीचा ऑक्सिजन कुठून येणार, असा माझा सवाल होता.

आणि वर त्या आकड्याला मी गुळगुळीत केलं होतं. जुन्या मीटरचा आकडा वीस-एकवीसच्या मध्ये नाचायचा, सर्जेरावांची माणसं घाबरून पाच-पाच मिनिटांनी वर यायची, कामं खोळंबायची. म्हणून मी चौसष्ट वेळा मोजून सरासरी दाखवायला लावली. आकडा दगडासारखा स्थिर झाला. सगळे खूश झाले. चुकलेली गोष्ट चौसष्ट वेळा मोजली तरी चुकलेलीच राहते, हे मला कॉलेजात पोरांना शिकवता आलं असतं.

"अब्बांच्या दुकानात असं एकदा झालं होतं," अय्युबभाई मीटरकडे बघत हळूच म्हणाले. त्यांच्या वडिलांचं कॅम्पात कापडाचं दुकान होतं. "गज झिजून आखूड झाला होता. कापड रोज जास्त भरायचं." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाळ्याची किल्ली उचलली. "चला ताई. गाडी तुम्ही चालवा, मी फोन लावतो."

स्कूटर काढताना किल्ली दोनदा खाली पडली. मी घाबरले होते. लहानपणी भावाला विहिरीच्या काठावर बघून घाबरले होते, तसं. त्यानंतर इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

साईनाथला मी एकदाच भेटले होते. मीटर न्यायला तोच आला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, हडपसरला बायको आणि दोन मुलींबरोबर राहणारा. मी मीटर कसं लावायचं ते दाखवत होते, तर त्याने विचारलं होतं, "ह्यो आकडा चांगला आसला म्हंजी मी चांगला, बरोबर ना मॅडम?" मी हसून म्हटलं होतं, बरोबर.

जेल रोडला लागलो तेव्हा अय्युबभाई मागे बसून अग्निशमन दलाशी बोलत होते.

"हो, केशवनगर, मुंढवा. पलाशबन सोसायटी. ठेकेदाराने कालच सांगितलं होतं, आज तिथे काम आहे म्हणून. एक माणूस टाकीत आहे... नाही, बेशुद्ध आहे का ते माहीत नाही... नाही साहेब, तिथून फोन नाही आला, आम्ही विश्रांतवाडीतून बोलतोय... त्याला ऑक्सिजन कमी पडणार आहे... कसं माहीत? मीटर आमचं आहे साहेब. ते चुकीचं दाखवतंय." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "आभारी आहे." मग माझ्या कानाशी म्हणाले, "निघतायत."

निघतायत. मी येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीशेजारून, बसच्या आणि पाण्याच्या टँकरच्या मधल्या फटीतून गाडी घातली. टँकरवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला. मी त्याला काहीच म्हटलं नाही, यावरूनच माझी अवस्था समजावी.

डोक्यात हिशेब चालू होता आणि तो थांबेना. बाहेर एकवीसच्या जागी चोवीस, म्हणजे साडेएकोणीसची घंटा खऱ्या सतराला वाजणार. पण सेल तिथे थांबणार नाहीत. मीटरमधला हवा ओढणारा छोटा पंप त्यांना आणखी पिळणार. अर्ध्या तासाने घंटा सोळाला वाजेल. पाऊण तासाने पंधराला. आणि टाकीतली हवा तोवर खाली खाली जात असणार, कारण साईनाथ गाळात चालतोय आणि गाळ ढवळला की त्यातून घाण वायू वर येतो. दोन्ही एकाच वेळी उतरणार, हवा आणि सेल, एकाच चालीने. आकडा मात्र वीसवर शांत बसलेला असणार.

सोळाला माणूस धापा टाकतो. चौदाला त्याला बरं वाटायला लागतं. हे मी वाचलेलं होतं. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला भीती वाटत नाही, उलट छान वाटतं, हलकं वाटतं. मीटर म्हणूनच तर बनवायचं, कारण शरीर त्यावेळी स्वतःशी खरं बोलत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला, त्याच डोक्यात, ती दुरुस्ती आपोआप लिहिली जात होती. चिपच्या पोटात तिचं स्वतःचं एक छोटं पक्कं व्होल्टेज असतं. आधी ते मोजायचं. ते नेहमीपेक्षा मोठं भरलं तर समजायचं की फूटपट्टी आखूड झालीय, आणि तेवढ्या प्रमाणात आकडा खाली ओढायचा. चार ओळी. सुटा भाग नको, खर्च नको. चार ओळी लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. त्या ओळी कल्याणीनगरच्या सिग्नलला माझ्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या आणि मला रडू येत होतं. सिग्नल लाल होता, पुढे तीन रांगा होत्या.

"फूटपाथवरून घेऊ का?" मी विचारलं.

"घ्या," अय्युबभाई म्हणाले. हा माणूस रिकाम्या रस्त्यावरही हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासतो.

फूटपाथवरून पुलापर्यंत, पुलावरून कोरेगाव पार्कात, तिथून मुंढव्याच्या गर्दीत. केशवनगरच्या अरुंद रस्त्यावर एक खडीचा ट्रक आडवा लागला होता. मी गाडी तिथेच भिंतीला टेकवली आणि पळत सुटले. बेचाळीस वर्षांची बाई, पायात चपला. घड्याळात अकरा अठ्ठावन्न झाले होते. साईनाथ उतरून पन्नास मिनिटं.

पलाशबनच्या फाटकावर वॉचमनने हात आडवा घातला.

"कुठल्या फ्लॅटला?"

"टाकीवर! माणूस आहे टाकीत!"

"हां, ते काम चालूय. तुम्ही एन्ट्री करा. नाव, नंबर, कोणाकडे..."

मी आयुष्यात कोणाला ढकललं नव्हतं. त्याला ढकललं. तो रजिस्टरसकट खुर्चीवर बसला, आणि अय्युबभाई मागून येत त्याला म्हणाले, "माफ करा दादा, आणि आमच्याबरोबर चला, दोर ओढायला माणूस लागेल." तो खरंच आला. नाव अभिनव, हे नंतर कळलं.

इमारतीच्या मागे, जनरेटरच्या खोलीपलीकडे, जमिनीत चौकोनी तोंड उघडं होतं. सर्जेराव तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, हातात दोराचं टोक. ब्लोअर शेजारी बंद ठेवलेला, त्याची नळी गुंडाळून ठेवलेली. मला पाहून ते हसले.

"म्याडम? तुमी कशा काय?"

"साईनाथला वर काढा. आत्ता."

"का? मगाशीच इचारलं की. वीस दावतंय म्हनला. गानं म्हनतुय त्यो खाली, मजेत हाय."

गाणं. मी तोंडाशी गुडघ्यांवर बसले आणि खाली पाहिलं. तेरा-चौदा फूट खोल, अंधार, एका टॉर्चचा उजेड गाळावर पडलेला. टॉर्चचे सेल नवे होते, उजेड लख्ख होता. त्या उजेडात साईनाथ पाईपाला पाठ टेकून उभा होता. पान्हा हातात, पण हात चालत नव्हता. तो काहीतरी गुणगुणत होता, एकच ओळ, परत परत, आणि शब्द विरघळल्यासारखे येत होते.

"साईनाथ! वर या!"

"आलो," तो म्हणाला. हलला नाही.

"साईनाथ!"

"आलो मॅडम." आणि हसला. जागच्या जागी.

एखाद्याने मदतीला ओरडावं, रडावं, ते परवडलं असतं. हा माणूस बुडत होता आणि त्याला बरं वाटत होतं.

सर्जेरावांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा क्षणात म्हातारा झाला. त्यांनी खुर्ची लाथेने उडवली आणि एक पाय टाकीच्या शिडीवर टाकला.

"नाही!" मी त्यांच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. "उतरायचं नाही! तुम्हीही तिथेच राहाल!"

"सोडा म्याडम! माजा मानूस हाय त्यो!"

"माझाही आहे! मीटर चुकलंय, सर्जेराव, आकडा खोटा आहे, खाली हवा नाही!"

टाक्यांमध्ये माणसं अशीच जातात. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. सर्जेरावांनाही ते ठाऊक होतं, दुसऱ्यांना ते हेच सांगायचे. तरी त्यांचा पाय शिडीवरून निघेना. त्यांना मी एकटीने ओढून काढलं, कसं ते मला आठवत नाही. शर्ट फाटला.

अय्युबभाईंनी तोवर ब्लोअरची नळी टाकीत सोडली होती आणि वायर घेऊन जनरेटरच्या खोलीकडे पळत होते. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. साईनाथचं गाणं थांबलं. ते थांबल्यावर मला वाटलं, आता संपलं. माझ्या मनात त्याच्या मुलींची वयं आली, जी मला माहीतही नव्हती.

मग ब्लोअर घरघरला.

"दोर ओढा!" मी म्हटलं. सर्जेराव, वॉचमन आणि मी, तिघांनी ओढला. दोर ताठ झाला आणि अडकला. साईनाथच्या पाठीच्या पट्ट्याला तो बांधलेला होता, पण काम करता करता तो पाईपाला वेढा घालून बसला होता.

"साईनाथ, ऐकताय का? दोर पाईपात अडकलाय. तुमच्या उजव्या हाताला. उजवा हात वर करा."

काहीच नाही. ब्लोअरच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मी घसा फाडून ओरडत राहिले, उजवा हात, उजवा हात. सोसायटीतल्या लोकांनी गॅलऱ्यांतून वाकून बघितलं. एका आजोबांनी विचारलं, हा आवाज किती वेळ चालणार आहे. त्यांच्याशी मी दुसऱ्या एखाद्या दिवशी भांडेन.

तिसऱ्या का चौथ्या मिनिटाला टॉर्चच्या उजेडात एक हात वर आला. हळू, झोपेतल्या माणसाचा येतो तसा.

"शाब्बास. आता दोर धरा. धरलात? पाईपावरून पलीकडे टाका. पलीकडे. नाही, ती ब्लोअरची नळी, दोर तुमच्या पाठीमागे."

दोनदा त्याने नळीच धरली. तिसऱ्यांदा तो दोर पाईपावरून सुटला आणि त्याचे गुडघे मुडपले, दोन्ही एकदम. पण आता दोर मोकळा होता. आम्ही ओढला. एका जिवंत माणसाचं वजन किती असतं, हे मला त्या दिवशी हाताला कळलं. तळहाताची कातडी निघाली. अय्युबभाई येऊन चौथे लागले तेव्हा त्याचं डोकं तोंडाशी दिसलं, मग खांदे. सर्जेरावांनी त्याला काखेत धरून फरशीवर ओढून घेतलं आणि त्याच्या छातीवर कान ठेवून स्वतःच रडायला लागले.

तो श्वास घेत होता. ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले, पण छाती वरखाली होत होती. त्याच क्षणी फाटकाकडून बंबाचा आवाज आला. अग्निशमन दलाच्या दोघांनी त्याच्या तोंडावर मास्क लावला, तिसऱ्याने आम्हाला मागे सारलं. "वेळेत काढलात," तो म्हणाला. "कोणी उतरलं नाही ते फार बरं केलंत. थोडा ऑक्सिजन देऊन याला दवाखान्यात नेऊ."

साईनाथच्या छातीवर मीटर अजून चालू होतं. मी ते काढलं. बारा वाजताच्या लख्ख उन्हात, चाफ्याच्या झाडाखाली, ते सत्तावीस पूर्णांक एक दाखवत होतं. खाली ते वीस म्हणत होतं तेव्हा खरा आकडा पंधराच्या आसपास असणार. घंटा अजून वाजलेलीच नव्हती.

अय्युबभाईंनी एव्हाना खिशातून यादी काढून फोन सुरू केले होते. सहातली दोन मीटरं सर्जेरावांकडे, चार इतर ठेकेदारांकडे. चौघांनीही फोन उचलले, देवाची कृपा. वापरू नका, आम्ही स्वतः येऊन घेऊन जातो, एवढंच ते प्रत्येकाला सांगत होते. कारण कोणी विचारलं तर, "आमची चूक झाली," म्हणत होते. आमची. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली, आधी तिकडे बघा.

साईनाथने डोळे उघडले होते. मी त्याच्याजवळ खाली बसले. त्याने मास्क जरासा बाजूला केला.

"मॅडम, काम अर्धंच झालं," तो म्हणाला.

"गप्प बसा. मास्क लावा."

त्याने दोन-चार श्वास घेतले आणि पुन्हा मास्क सरकवला. त्याला काहीतरी सांगायचंच होतं. तो सर्जेरावांकडे चोरून बघत, हळू आवाजात बोलला.

"मला मगाशीच दम लागत व्हता. डोकं बी गरगरत व्हतं. दोनदा वर यायचं मनात आलं. शिडीला हात बी लावला. पन मीटर बगितलं तर वीस. मग म्हनलं, हवा चांगली हाय, माझंच कायतरी बिनसलंय. उगं कामचुकारपना नको."

मग सर्जेराव, वॉचमन, बंबावरची माणसं, गॅलरीतले लोक, सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "तुमचं काही बिनसलं नव्हतं साईनाथ. तुम्ही बरोबर होता. मीटर चूक होतं. मी चूक केली, माझ्या हातून झाली. तुम्हाला दम लागत होता ना, तेच खरं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. राग आला असता तर मला सोसलं असतं. शाळेत न कळलेलं गणित पुन्हा विचारावं, तसं त्याने मला विचारलं.

"पन मॅडम, खालच्या हवेचं मला कळलं आसतं, तर मी मीटर कशाला लावलं आसतं?"

मास्कच्या आत त्याचा श्वास चालू होता. सर्जेरावांनी फाटका शर्ट काढून त्याच्या डोक्याखाली ठेवला. मी त्याचा हात धरून बसले होते, आणि बंबाच्या माणसांनी स्ट्रेचर आणेपर्यंत त्याने आपली बोटं माझ्या हातातून काढून घेतली होती.